उलटा हात

मोटर असो की केबल, आमचा मोटरी वाइंडिंग करणारा मिस्त्री मेगर मीटरने तारेचं इन्सुलेशन तपासून झाल्यावर आत उरलेला करंट आधी जमिनीत सोडायचा, मग उलटा हात लावून बघायचा. तार मेल्याची खात्री पटली, तरच तळवा टेकवायचा. खोटं वाटेल, पण घरात चहाचा कप, दाराची कडी, अगदी मांजरसुद्धा आधी उलट्या हाताने! बायकोचा गालही तसाच.

"अहो, मी काय केबल आहे?" ती फणकारायची.

"तुझा काय भरवसा? कधीही झटका देशील!"

काल सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर आले, मान हलवून गेले. मिस्त्री तिच्या गालाला उलटा हात लावून बसला होता.

"मिस्त्री, वहिनी गेल्या," मी म्हणालो.

त्याने ऐकलं. पण संध्याकाळपर्यंत तळवा काही टेकवला नाही.