जादा फेरा

व्हियोरेल नळ्यांची तोंडं आतून फुगवून पोलादी तबकडीच्या भोकांत घट्ट बसवायचा. त्यानं बसवलेल्या एका नळीतून प्लोयेश्तच्या रिफायनरीत वाफ सुटली आणि त्याचा धाकटा भाऊ डोरू भाजून मेला. रिफायनरीनं त्या नळीला बूच ठोकून नळ्यांचा तो संच तसाच चालू ठेवला. आपणच ती ढिली बसवली, असं व्हियोरेलनं मनाशी धरलं. तेव्हापासून यंत्र थांबताच डोरू कानाशी म्हणायचा, “अजून थोडं, दादा.” मग व्हियोरेल प्रत्येक नळीत फुगवायच्या यंत्राचा एक जादा फेरा द्यायचा. “मामा, मिठी मारता की गळा दाबता?” जोडीदार इलिन्का हसायची. आज तो संच नव्या नळ्या बसवण्यासाठी त्यांच्या कारखान्यात परत आला. इलिन्कानं बूच ठोकलेली ती नळी कापून काढली. तोंड कागदासारखं पातळ, चिरलेलं होतं. “ढिली नव्हती, जास्त फुगवून फाटलीय.” डोरू गप्प होता. “रिफायनरीत मी जादा फेरा दिलेल्या नळ्यांपाशी आत्ता कोण आहे?” व्हियोरेलनं विचारलं. “माझा नवरा.” इलिन्काचा हात टेलिफोनकडे गेला.