आईची खुर्ची

"कुणी बोलावलं तुला?"

थोरल्या भावानं त्याला हॉलच्या दारातच अडवलं. ओठांवर पाहुण्यांसाठीचं हसू तसंच होतं. आवाज तेवढा खाली आला होता.

"नवरीनं," तो म्हणाला.

पोटच्या पोरीपुढे भावाचं काही चालेना. "मग जेव आणि नीघ. पुढे येऊ नकोस. पुढे ती बसलीय."

ती म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. घटस्फोट झाला तेव्हा घरानं सुनेला ठेवून घेतलं होतं आणि मुलाला सोडलं होतं.

तो मागे जाऊन बसला. काकानं मान हलवली न हलवली, अन् लगेच मोबाइलमध्ये घातली. आत्या शेजारणीच्या कानाला लागली. पहिल्या रांगेतून आईनं मात्र मागे वळून पाहिलं आणि बोटानं खूण केली. लहानपणी खोडी काढल्यावर बोलवायची, तशीच.

तो गेला. आईची पर्स मांडीवर घेऊन ती शेजारी बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"वाळलास," आई म्हणाली.

"हिला जवळ केलंस. आणि मी?"

"वेगळे तुम्ही झालात. मी कुणापासून झाले?"

"मग एक फोन नाही करवला?"

आईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "मला नातीजवळ जायचंय. वर न्या."

तिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले, बसायला चाकांची खुर्ची आणि स्टेजच्या पायऱ्या उंच. हॉलचा मॅनेजर धावत आला. "थांबा आजी, आमची माणसं बोलावतो."

"भाड्याचे हात नकोत. ही दोघं आहेत की."

दोघंही जागची हलली नाहीत. पहिल्या रांगेतली कुजबुज बंद पडली. मग तिनं पर्स खांद्याला अडकवली आणि खुर्चीच्या एका बाजूला उभी राहिली.

"खालून धर," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "वरचा दांडा निखळतो."

कोर्टाच्या जिन्यानंतर तिचं हे पहिलं वाक्य. त्यानं खालून धरलं.

पाहुणे सोडून भाऊ तरातरा आला. "सर बाजूला. मी नेतो आईला."

"तू पाहुणे बघ," आई म्हणाली. एवढंच. पण भाऊ थबकला.

खुर्ची उचलली गेली. आई दिसायची त्यापेक्षा जड होती. पहिल्याच पायरीवर खुर्ची त्याच्याकडे कलली. तो थांबला, तीही थांबली. दोघांचा श्वास ऐकू येत होता. ती हळूच म्हणाली, "चल." मग पुढची पायरी.

वर पोहोचले तेव्हा नवरी ओठ दाबून उभी होती. काजळ आवरायला तिनं मान वर धरली होती. अख्खा हॉल बघत होता.

"ठेवा आता," आई म्हणाली. दोन्ही हातांनी तिनं दोघांची मनगटं घट्ट पकडली होती. "पण एकदम ठेवा. एकानं आधी सोडलं, की पडते ती मीच."

खुर्ची टेकली. आईनं मनगटं सोडली. तरी ती दोघं तशीच वाकून उभी राहिली, खुर्चीखालचा हात आधी कोणी काढायचा ते न कळून.