पिशवीतली इस्त्री

दवाखान्यातून फोन आला तेव्हा शिंपी एका कोटाचं अस्तर टाचत होता. बायको गेली, एवढंच त्याला ऐकू आलं. त्याने सुई कोटातच खोचून ठेवली. काज-बटणं करत बसलेल्या मुलीला सांगितलं आणि दोघं बाहेर पडले. त्याने शटर ओढलं.

इस्त्री बंद आहे ना, मुलीने फुटपाथवर विचारलं. आहे, तो म्हणाला. टॅक्सी कोपऱ्यावर वळली तशी तिने पुन्हा विचारलं. आज ती लावलीच नव्हती, त्याने आठवण करून दिली. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. सिग्नलला गाडी थांबल्यावर म्हणाली, "बाबा, एकदा बघून येऊ. एकदाच."

टॅक्सीवाला आरशातून बघत होता. शिंप्याने त्याला गाडी वळवायला सांगितलं.

शटर अर्धं वर करून ती वाकून आत गेली. प्लग काढलेलाच होता. तरी तिने इस्त्रीच्या तळाला हाताची मागची बाजू लावून पाहिली. गार होती. मग वायर गुंडाळली, इस्त्री पिशवीत घातली आणि पिशवी घेऊनच ती टॅक्सीत येऊन बसली.

शिंप्याने सरकून पिशवीला जागा करून दिली.

बायको अगदी असंच करायची. लग्नाला जाताना इस्त्री पिशवीत, एकदा तर सिनेमालासुद्धा. जवळ असली म्हणजे दुकान पेटणार नाही. तो तिला 'अग्निशामक दल' म्हणायचा. हिला नवरा हरवला तरी चालेल, इस्त्री हरवता कामा नये, असं चारचौघांत सांगायचा. तीही हसायची, पिशवी मात्र सोडायची नाही. तिचा हात थरथरायला लागला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं होतं. बायकोच्या रक्तात सापडलेला कंपवाताचा दोष आईकडून मुलीकडे येऊ शकतो, असं ते म्हणाले. तो दोष असलेल्या काही जणांच्या मेंदूत भीतीशी संबंध असलेल्या भागांत बदल दिसतात, कधी कधी हात थरथरायच्या बराच आधी. भित्र्या माणसाला हा आजार होतोच असं नाही, दोष असलेल्या प्रत्येकालाही होत नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. मग विचारलं, मुलगी कशी आहे? एकदम बिनधास्त, शिंपी म्हणाला. तरी तिला विचारा, तपासून घ्यायचं का ते तिचं तिने ठरवायचं, डॉक्टर म्हणाले. तिची आई घरी आली की विचारतो, असं सांगून तो उठला होता.

दवाखान्याच्या खोलीत बायकोच्या अंगावर चादर होती. हात बाहेर होते. दोन्ही हात शांत पडलेले त्याने किती दिवसांनी पाहिले. तो त्यांच्याकडे बघत उभा राहिला.

मुलगी खुर्चीत बसली होती. रडत होती, पण आवाज येत नव्हता. पिशवी मांडीवर होती आणि तिचे दोन्ही हात पिशवीवर. शिंप्याची नजर आता त्या हातांवर गेली आणि तिथून हलेना. बोटं हलत नव्हती. निदान त्याला तरी हलताना दिसत नव्हती.

"काय बघताय, बाबा?"

"काही नाही. पिशवी दे इकडे, जड असेल."

"असू दे माझ्याजवळ."

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

कोटाचं अस्तर अजून अर्धंच टाचलेलं आहे. मुलीला तपासणीचं विचारायचं राहिलं आहे.