भाओजी आणि जनरेटर

आमचे भाओजी, म्हणजे ताईचा नवरा, एका लॉजचे मॅनेजर. नळ ठिबकला तरी ते रात्रभर जागे राहतात. काल लॉजच्या सगळ्या खोल्या भरलेल्या आणि नेमकी लाइट गेली. मी जनरेटरचा मेकॅनिक, त्यामुळे त्यांचा फोन अर्थातच मला.

“अरे, सकाळी तू दुरुस्त केलेला जनरेटर चालेल ना रे?”

“चालेल की! बिनधास्त सुरू करा. फक्त उद्या मी नवा पार्ट बसवेपर्यंत अजिबात लोड घेऊ नका.”

“वा! किती बरं वाटलं ऐकून,” म्हणत त्यांनी चक्क शीळ घातली. भाओजींना शीळ घालता येते, हे मला कालच कळलं.

थोड्या वेळाने पुन्हा फोन. मागे पाहुण्यांचा नुसता गलका.

“अरे, तो दोनदा खोकला आणि बंदच पडला!”

“भाओजी, लोड घेऊ नका म्हणालो होतो ना मी?”

 

“मी कुठे घेतला? सगळ्या खोल्यांचे एसी आणि गीझर लावून दिले आणि तुझं ऐकून मस्त लोळत पडलो होतो!”