पाय बांधायचा रुमाल

तीन पायांच्या शर्यतीसाठी तिने बाबांचा मोठा रुमाल इस्त्री करून आणला होता, जोडीदारणीचा पाय काचू नये म्हणून. पण बाईंनी बाकांप्रमाणे जोड्या लावल्या, आणि सत्राच्या मधेच आलेली ती पडली एकतिसावी, मागच्या बाकावर एकटी. “तू शेवटच्या रेषेवर फीत धर हं,” बाई म्हणाल्या. फितीचं दुसरं टोक खांबाला बांधलं होतं. शिट्टी वाजली आणि अख्खा वर्ग लंगडत, धडपडत, खिदळत थेट तिच्याच दिशेने सुटला. तिचं काळीज उगीचच सुपाएवढं झालं. पहिल्या दोघी फीत तोडून एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मागून आलेली एक म्हणाली, “ए नवी, सरक ना.” संध्याकाळी आईने रोजचा प्रश्न विचारला, “जमली का गं कुणाशी गट्टी?” घडी न मोडलेला रुमाल कपाटात ठेवत ती म्हणाली, “आज सगळ्या माझ्याकडेच धावत आल्या.”