आजीच्या खिडकीचे गज

"बाबा, या गेममध्ये आपलं घर म्हणजे नुसता खोका!" मुलगी नेहमी चिडवायची.

युद्धात जमीनदोस्त झालेलं ते घर आता या जुन्या गेममध्येच तेवढं उभं होतं. त्यातलं शहर त्यांच्याच शहरावरून बेतलेलं होतं. सुधारलेली नवी आवृत्ती आली, तसा बाप जुनी डिस्क दुकानात देऊन नवी घेऊन आला.

"कंपनीनं सगळ्या गल्ल्यांचे फोटो नव्यानं काढलेत म्हणे. आता बघ, आजीच्या खिडकीचे गजसुद्धा मोजता येतील."

मुलगी त्याच्या मांडीवर सरकून बसली. त्याने गेममधली गाडी पुलावरून घेतली, बेकरीपाशी वळवली आणि सवयीने गल्लीच्या तोंडाशी वेग कमी केला.



ढिगारा अगदी हुबेहूब होता. मुलगी त्यातले गज मोजू लागली.