भट्टी बंद व्हायच्या आत

"मच्छिंद्र, ऊठ आता. वाटूरला माणसं खोळंबलीत अन् तू इथं राक्षस मारून राह्यला."

बहिणीचा नवरा शिवाजी मोटारसायकलची किल्ली घेऊन इंटरनेट कॅफेच्या दारात उभा होता.

"दाजी, थोडं थांबा. बिलकुल थोडं." मच्छिंद्रनं पडद्यावरून नजर काढली नाही.

नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत कामाला लागल्यापासून तो हा ऑनलाइन खेळ खेळत होता. खेळात आगीच्या डोंगरावर एक भट्टी होती. तिच्यात नेमक्या दोन वस्तू एकत्र टाकल्या, की कुणी न पाहिलेलं काहीतरी बाहेर येणार होतं. कोणत्या दोन, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. जोडी चुकली की टाकलेलं जळून खाक. आणि आज दुपारी भट्टी कायमची बंद होणार होती.

भट्टीला दोघं लागत. एकानं भाता ओढायचा, दुसऱ्यानं वस्तू टाकायच्या. भात्यावर 'रानकोल्हा' होता. त्याचं खरं नाव-गाव मच्छिंद्रला माहीत नव्हतं. पुण्याकडचं एखादं कॉलेजचं पोरगं असावं. पण गड्यानं आजवर कधी दगा दिला नव्हता.

नागाची कात जळाली. चांदीचा बाण जळाला. आता मच्छिंद्रजवळ गरुडाचं पीस तेवढं उरलं होतं.

पडद्यावर रानकोल्ह्याची ओळ उमटली. 'पिसासोबत फुटकं मडकं टाक.'

फुटकं मडकं! ते तर वाटेत पावलोपावली पडलेलं असायचं. कुणी उचलायचंही नाही.

'पीस जळालं तर?'

'जळू दे. मी भाता सोडत नाही.'

मोबाइल वाजला. वडील, तातेराव.

"कुठं हायेस? अण्णासाहेब आतल्या खोलीत हायेत तोवर ये. हेडमास्तर हायेत बाबा ते. मागचा मुलगा उशिरा आला, तर त्याला दारातूनच वापस लावलं त्यांनी."

"निघालोच, दादा."

कुंभार पिंपळगावच्या एका लग्नात त्यानं अण्णासाहेबांच्या मुलीला, बेबीनंदाला पाहिलं होतं. दोन शब्द बोललाही होता. हे स्थळ बघा म्हणून वडलांच्या मागं त्यानंच लकडा लावला होता. आता तीच गोष्ट हातची चालली होती.

त्यानं वाटेवरचं एक मडकं उचललं आणि पिसासोबत भट्टीत टाकलं.

ज्वाळा हिरवी झाली. नेमका तेव्हाच रानकोल्हा पडद्यावरून नाहीसा झाला. आणि भट्टीतून एक निळा घोडा उसळून बाहेर आला.

मच्छिंद्र ताडकन उभा राहिला. पण सांगावं कुणाला? भात्यापाशी कुणीच नव्हतं.

वाटूरला पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. तातेराव ओसरीवर मान खाली घालून बसले होते. समोर अण्णासाहेब, कडक इस्त्रीचा सदरा, ओठ मिटलेले. बाजूला बेबीनंदा.

"उशीर का झाला?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"गाडी पंक्चर झाल्ती," शिवाजी घाईनं म्हणाला. "आम्हीच चाक खोललं."

बेबीनंदानं दोघांच्या हातांकडं पाहिलं. "हात तर स्वच्छ हायेत," ती म्हणाली. मग सरळ मच्छिंद्रला म्हणाली, "मला उशिराचा राग न्हाई येत. खोट्याचा येतो."

दाजीनं त्याला कोपरानं ढोसलं. मच्छिंद्रनं ते कोपर बाजूला सारलं.

"कॅफेत खेळत बसलो होतो," तो म्हणाला. "आगीच्या डोंगरावरची भट्टी आज बंद होणार होती. एक सोबती माझ्यासाठी भाता ओढून राह्यला होता. त्याला मधेच सोडून निघवलं न्हाई."

तातेरावांनी डोळे मिटले. अण्णासाहेब सावकाश उठले, तसे तातेरावही हात जोडून उठले.

"चुकलं मास्तर. येतो आम्ही."

अण्णासाहेबांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते मच्छिंद्रच्या अगदी जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्याकडं ऐन वेळी लाईट गेली हो. काय निघालं भट्टीतून?"